चष्म्यातला घास

घोडेगावातल्या आमच्या कापडदुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सासूबाई ऐकवायच्या, "सून मालवणला जाऊन समुद्राच्या तळाशी मासे बघते. अहो, लेकराला आई लागते, आई!" माझं डोकंच फिरायचं.

मला रिंकूही हवी होती आणि समुद्रही. दोन वर्षांची रिंकू धड जेवायची नाही, म्हणून मी पाण्याखालचा तो मोठा काचेचा चष्मा लावून, बुडबुड आवाज काढत तिला भरवायचे. ती आ वासून बघायची आणि घास आत जायचा.

त्या शनिवारी चष्मा घेऊन मी मालवणला गेले. पाण्यातून वर येते तोच मोबाइल वाजला, घरून सासूबाईंचा. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर घरात कुणी जेवत नाही, आणि रिंकूनं सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानं, जिनेशनं, स्कूटरचं हेल्मेट घालून पाहिलं. सासूबाईंनी डोळ्यांना चहाच्या गाळण्या लावल्या. पोरगी ढिम्म.

"सूर्य चालला गं!" सासूबाई ओरडल्या.

मला रडूच फुटलं. "आई, मी आत्ता निघते."

"तू कशाला येतेस? राहा की तिथंच! तो चष्मा तेवढा रात्रीच्या एसटीच्या कंडक्टरकडं दे."