तपासणीची साडी

टाका पुन्हा सरळच पडला. वच्छलाबाईंनी सुईच्या टोकाने तो उसवला, विटक्या साडीवरचं ठिगळ गुडघ्यावर पसरलं आणि डोळे मिटून सुई खुपसली... उघडून बघतात तर शेजारच्या टाक्याला बिलगून, गव्हाच्या दाण्याएवढा, नीटस. तिसऱ्यांदा. मग सुई डाव्या हातात घेतली. चार टाके वेडेवाकडे आले आणि पाचव्याला तो मेला हातही शिकला.

साडी त्यांची नव्हती. तशी ती कुणाचीच नव्हती. पोलीस लाइनीमागच्या या गल्लीत पोलिसांच्या विधवा पाच आणि तपासणीची साडी एक. पेन्शनशिवाय घरात दुसरी कमाई नसावी, ही पोलीस कल्याण निधीची अट. दिसली की लेकरांच्या शिक्षणाची मदत बंद. म्हणून ज्या घरी पाहणी असेल तिथे आदल्या दिवशी ही साडी पोचायची आणि त्या घरातलं डोळ्यांत भरणारं सगळं शेजारी जायचं. पाचांतल्या द्वारकाबाईंनी ती पहिल्यांदा नेसली नि त्यांचं काम झालं, तेव्हापासून साडीला गुण आहे असं सगळ्याच मानत. वच्छलाबाईंचं शिलाई मशीन सकाळीच शेजारच्या फहमिदाकडे चादरीखाली जाऊन बसलं होतं. लेकीचं, रेणुकाचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष — एवढं निभावलं की सुटलो. दुपारी निधीचा पुंजाराम कारकून येईल, चहा घेईल, उत्पन्न निरंक लिहील आणि जाईल.

पण घडी मोडताना पदर फाटला आणि ठिगळ लावणं आलं. ते गबाळंच हवं होतं, कारण गेल्या वर्षी पुंजारामने पदरावरच्या नीटस टाक्यांकडे बोट दाखवून विचारलं होतं, हे कुणी शिवलं? शेजारणीनं, असं त्या चटकन बोलून गेल्या होत्या. खोटं बोलल्याची लाज वाटली नाही त्यांना. लाज वाटली ती आपलं काम दुसरीच्या नावावर गेल्याची, आणि ती वर्षभर ब्लाउजात राहून गेलेल्या टाचणीसारखी टोचत राहिली.

आमचे हे, काकासाहेब, हवालदार झाले तेव्हा बाहीवरच्या फिती मीच लावल्या होत्या. त्यांच्या वरच्या साहेबांनी विचारलं, फिती कुणी लावल्या? माझ्या बायकोनं, असं त्यांनी सांगितलं, आणि घरी येऊन तीच गोष्ट मिशीत हसत तीनदा सांगितली... मग गंगापूर रस्त्यावरचा बंदोबस्त, तो ट्रक. त्यानंतर मी मशीनवर बसले ती रडायला. मशीन चालू असलं की रडणं भिंतीपलीकडे जात नाही. रडता रडता गळा जमला, बाही जमली; आता औरंगपुऱ्यातला दुकानदार गिऱ्हाइकाला आठ-आठ दिवस थांबवतो, पण ब्लाउज माझ्याकडेच देतो. बिडकीनच्या नवरीचे पाच ब्लाउज कपाटात पडलेत. आणि कागदावर मी कोण? निरंक. बरं, कागदाला फसवता येतं. या बोटांना कसं फसवू?

त्यांनी ठिगळ शेवटपर्यंत शिवलं, त्यांच्या हाताला येतं तसं. साडीची घडी केली, तोंड धुतलं, आपली जांभळी साडी नेसल्या आणि शेजारी गेल्या.

फहमिदा भाजी निवडत होती. तिने जांभळ्या साडीकडे पाहिलं, मग चादरीखालच्या मशीनकडे.

"ताई, आज नको. त्यो आत्ता यील. रेणुकाची फी कोण भरंल?"

"माहीत नाय," वच्छलाबाई म्हणाल्या. "तू तिकडून धर."

दोघींनी मशीन उंबरा ओलांडून आणलं आणि नेहमीच्या खिडकीशी ठेवलं. फहमिदा चादर घेऊन गेली. लेकीला काय सांगायचं, बाकीच्या चौघींना काय सांगायचं, वच्छलाबाईंचं काहीच ठरलं नव्हतं. शिलाई वाढवता येईल, रात्रीचा दिवस करता येईल... कदाचित तरी पुरणार नाही. त्यांनी नवरीच्या ब्लाउजची बाही सुईखाली सरकवली.

फाटक वाजलं. आजवर फाटकाच्या आवाजासरशी त्यांचा पाय पायडलवरून आपोआप उठायचा, पाहुणा असो की दूधवाला. आज तो चालूच राहिला. मशीनचा आवाज खिडकीतून थेट अंगणात जात होता आणि पुंजारामच्या चपला तिथेच थबकल्या होत्या. ऐकू दे, त्यांना वाटलं. बाही अर्धी झाली होती. ती पुरी करूनच दार उघडायचं होतं.