बागेतले दोन महिने

"एकोणीस वर्षं रक्त चांगलं आणि आता फुप्फुसाचा कॅन्सर? सिगारेट ओढत असणार तुम्ही," असं म्हणून कारखान्याच्या डॉक्टरने फाइल प्लेटरच्या पुढ्यात ढकलली. आयुष्यात एक झुरका न घेतलेल्या प्लेटरला त्याचं थोबाड रंगवावंसं वाटलं.

लोखंडी भाग टाकीत बुडवून त्यांवर कॅडमियमचा मुलामा चढवण्यात त्याचा जन्म गेला होता. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नीट समजावलं होतं, की टाकीवरची वाफ श्वासातून रक्तात उतरते आणि रक्तात हा धातू जास्त असला तर या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसतो. जुने आकडे आणा, म्हणजे आजार कामामुळे झाला असं मला लिहिता येईल, असं त्या म्हणाल्या होत्या.

आकडे सगळे मर्यादेत होते. का, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. दरवर्षी तपासणीआधी मुकादम टाकीवरच्या माणसांना दोन महिने बागेत धाडायचा. तिथे झाडांना पाणी घालत रक्त जरा निवळू द्यायचं, सुई टोचून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत टाकीवर. कागदावर मात्र 'विभाग: प्लेटिंग', आणि खाली सही प्लेटरचीच. मुकादम त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ. पहिल्या वर्षी आकडा मर्यादेच्या काठाला टेकला तेव्हा, जादा भत्ता बुडेल, मला टाकीवरून काढू नकोस म्हणून प्लेटरनेच त्याच्या मिनतवाऱ्या केल्या होत्या. ते आठवलं की मेहुण्याहून स्वतःचाच जास्त संताप यायचा.

आज टाकीवरून थेट आलोय, आत्ताच रक्त काढा, असा प्लेटरने डॉक्टरकडे हट्ट धरला. फॉर्म भरायला मुकादमाला बोलावणं गेलं.

"भावोजी, दमलायत तुम्ही. दोन महिने बागेत बसा, मग बघू."

"दोन महिने आहेत कुठे माझ्याकडे? लिही."

मुकादमाने मान खाली घालून लिहिलं, 'विभाग: बाग'. म्हणजे आकडा चढलाच, तरी टाकीचं नाव यायला नको.

"माझी नोकरी जाईल हो," तो पुटपुटला.

"तुझी नोकरी जाईल. माझं काय जातंय, ते फाइलीत वाच."

प्लेटरने पेन हिसकावून घेतलं, 'बाग' खोडलं आणि लिहिलं, 'टाकी. एकोणीस वर्षं.' खाली सही केली, बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला.

नर्स सुई घेऊन मुकादमाच्या तोंडाकडे बघत राहिली. प्लेटरने हात मागे घेतला नाही.