चाळीस पावलांमधला फ्यूज

मित्रांनो, मी चिनीमातीचा एक जुना फ्यूज. पोटात तांब्याची बारीक तार असली की माझ्यातून वीज धावते. मला काढून घेतलं की मोटर मुकी होते. १९६२ साली वलगावजवळच्या एका मळ्यात वीज आली, तेव्हा माझ्या दोन भावांसोबत मला मोटर चालू करायच्या खटक्याशेजारच्या पेटीत बसवलं.

मळा शेषराव आणि किसनराव या दोघा भावांचा. वाटण्या झाल्या होत्या, पण विहीर आणि मोटर एकच. एक दिवस शेषरावांच्या वांग्यांना पाणी, एक दिवस किसनरावांच्या गोबीला. आपापल्या दिवशी प्रत्येकाला मोटर आपल्या एकट्याचीच वाटे.

मोटर आणि पंप विहिरीतल्या कट्ट्यावर होते, खटका मात्र वर खोलीत, चाळीस पावलांवर. एका सकाळी किसनरावांनी खोलीत डोकावून खटका बंद असल्याचं पाहिलं आणि आदल्या दिवशी घसरलेला पंपाचा पट्टा चढवायला ते वाफ्यांमागच्या वाटेने निघाले. तेवढ्यात शेषरावांनी विहिरीत वाकून पाहिलं. कोणी नव्हतं. ते समोरच्या वाटेने खोलीत आले, थोडा वेळ चिलीम शोधली आणि मग खटका ओढला.

फिरत्या पट्ट्यात सापडून किसनरावांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. ती वीज माझ्यातूनच गेली होती, मित्रांनो.

दवाखान्यातून आल्यावर भावांचं बिनसलं. विहिरीत कोणी नव्हतं, असं शेषराव शपथेवर सांगत. खटका बंद होता, हे किसनरावांचं म्हणणं. मळ्याच्या मधोमध कुंपण घालण्यापर्यंत गोष्ट गेली. तेव्हा किसनरावांची बायको शकुन, जी भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, कधी बोलत नसे, पदर सावरून पुढे आली.

"तुमी दोघंही खरंच बोलून राहिले. पन पाहनं आन् खटका ओढनं, याच्या मधात कोनी उतरलं त कोनाले दिसन?"

तिने खोलीत जाऊन खटका बंद केला, आम्हा तिघांना पेटीतून काढलं आणि नवऱ्याच्या हातावर ठेवलं. "जो उतरन, त्यानं हे संगं न्यावं."

दोन वर्षांनी एकदा शेषरावांनी विहिरीत कोणी नाही असं पाहून खोलीत येऊन खटका ओढला. मोटर हलली नाही. त्यांनी पेटी उघडली. तीन जागा मोकळ्या. ते विहिरीकडे धावले. खाली किसनराव उरलेल्या बोटांनी पट्टा चढवत होते आणि आम्ही त्यांच्या बंडीच्या खिशात होतो. शेषराव काठावर बसले आणि खाली वाकून म्हणाले,

"सावकाश कर, किसन. मी अठीच बसतो."

कुंपणासाठी आणलेले खांब पुढे शकुनने कारल्याच्या मांडवाला वापरले. आता नवी पेटी आली आणि आम्ही एका पत्र्याच्या डब्यात पडलो आहोत. त्याचं दुःख नाही. पण मित्रांनो, एकच यंत्र दोघांच्या हाती असेल, तर नुसत्या पाहण्यावर विसंबू नका. सुरू करण्याची किल्ली आधी उतरणाऱ्याच्या खिशात जाऊ द्या.