बटण बंद होतं तरी

वहिनीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पडदे ओढलेले, बटण बंद, तरी छताचा बल्ब मंद जळत होता. महिन्यापूर्वी गेलेला माझा भाऊ म्हणे त्या उजेडात आला होता. बायका डोळे पुसत होत्या.

"ऊर्जा मरत नाही, माई, फक्त घर बदलते," कफनीतले महाराज म्हणाले. "बल्ब काढा, बोट ओलं करा, होल्डरात लावा. ते स्वतः तुमचा हात धरतील."

वहिनी स्टुलावर चढली. मी शाळेत विज्ञान शिकवते. तिथे हात कोण धरणार होतं आणि ते सोडणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"वहिनी, खाली उतर."

"बटण बंद आहे, ताई. भीती कसली?"

"मग आधी महाराजांना लावू दे बोट."

महाराजांनी दोन्ही हात कफनीत घेतले. "आमचा त्यांच्याशी ऋणानुबंध नाही."

वहिनीने बल्ब काढून माझ्याकडे दिला आणि बोट पाण्याच्या तांब्यात बुडवलं. मी गर्दीतून वाट काढत धावले आणि मेन स्विच पाडला. परत येऊन तिला हाताला धरून उतरवलं. मग बल्ब पुन्हा लावला. तो आता जळेना.

"तू त्यांना घालवलंस," वहिनी रडू लागली.

"आत्मा मेन स्विचवर चालतो होय?" मी म्हटलं. पडदे सारून मी बटणाची पाटी उघडली. भावाने व्हिडिओ बघून स्वतः केलेलं वायरिंग, कुणाला दाखवलेलंही नाही. वीज आणणारी तांबडी तार सरळ बल्बकडे गेली होती. बटण होतं परतीच्या काळ्या तारेवर. म्हणजे बटण बंद केलं तरी होल्डरात वीज दबा धरून बसलेली. तारांतून झिरपणाऱ्या इवल्याशा विजेवरही असा एलईडी बल्ब मंद जळतो.

"म्हणजे हे आले नव्हते," वहिनी म्हणाली.

"नाही गं. त्याची चूक तेवढी मागे राहिली."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. महाराज तोवर चपला शोधत होते.

तारांना हात लावण्याआधी मेन बंद करा. वायरिंग परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्या, निदान तपासून तरी घ्या. माझा भाऊ म्हणायचा, वायरमन बोलावणं हे भित्र्यांचं काम. त्याच्या बायकोचं ओलं बोट त्या होल्डरपासून वीतभर लांब होतं.