उरलेलं रोप

प्रभाकरकाकांचा रोपांच्या वाटणीचा नियम साधा होता: ज्याने रोपं सांभाळली, त्याने शेवटी घ्यायचं. बाकीचे निवडणार, उरेल ते त्याचं. मग सांभाळणारा सगळ्या रोपांना सारख्याच मायेने वाढवतो, असं काकांचं म्हणणं. काका नागपूरचे, सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन शाहपुऱ्यात स्थिरावलेले. माणसांविषयी त्यांचं मत पहिल्यापासूनच जरा जास्त चांगलं.

या वेळची सांभाळणारी विजया. उन्हाळ्यात काकांच्या गच्चीवर घटपर्णीची कोवळी रोपं भाजून निघाली असती, म्हणून ट्रे तिच्या सोनागिरीच्या घरी कूलरच्या खोलीत आला. नळाचं पाणी या रोपांना सोसत नाही, म्हणून ती ए.सी.चं गळणारं पाणी बादलीत धरून घालायची. नवरा म्हणायचा, ‘‘माझ्या चहाकडे कधी इतकं लक्ष दिलंस का गं?’’

काकांच्या गच्चीवर घटपर्णीची दोन मोठी झाडं होती, एक मादी, एक नर. मादीच्या पानांच्या टोकांना किडे पकडणारे गडद लाल घट लटकायचे. नराचे घट फिके हिरवे, पण झाकण उघडलं की त्यांच्या रुंद काठावर काळे पट्टे दिसायचे. काकांनी ब्रशने पराग लावून बी धरलं होतं. फांदी लावली तर हुबेहूब तेच झाड येतं. बियांचं तसं नाही. एकाच फळातली ही भावंडं, पण एक ढेरपोटं, एक काटकुळं, एकावर नुसतेच ठिपके. काकांना आईचा लाल रंग आणि बापाचा पट्टेरी काठ एकाच रोपात हवा होता. आणि तोही लवकर, कारण त्यांची नजर जात चालली होती. दिवाळीनंतर फारसं दिसणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

वाटणीच्या आदल्या आठवड्यात कोपऱ्यातल्या रोपाचा नवा घट फुगायला लागला. अजून झाकण मिटलेलं होतं, पण अंग लालबुंद. विजया खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसूनच राहिली. हा घट उघडला की सगळे याच रोपावर तुटून पडणार, आणि ते वाढवणाऱ्या बाईच्या वाट्याला ठिपकेवालं येणार, हे तिला दिसत होतं. सगळ्यात आधी काकाच त्याला हात लावणार, हेही तिला ठाऊक होतं. तरी तिने कात्री आणली. आधी तो घट, मग खालचे दोन जुने, रंग-पट्टे न धरलेले घट कापून टाकले आणि तुकडे केराच्या डब्यात दाबून वर बटाट्याची सालं पसरली. हात धुतल्यावर तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून कापलेलं परत चिकटत नाही.

रविवारी काकांच्या गच्चीवर ट्रे उघडला. मंडीदीपच्या कारखान्यातून सुटीला आलेला दुसरा वाटेकरी हर्षल म्हणाला, ‘‘ताई, हे कोपऱ्यातलं तर एकदम बेकार झालंय!’’

‘‘अळीने खाल्लं,’’ विजया म्हणाली.

काका एकेक कुंडी डोळ्यांशी नेत, घटावरून बोट फिरवत होते. शेवटी त्यांनी हिरवं ढेरपोटं रोप घेतलं. हर्षलने काटकुळं उचललं, शेजारच्या कमलिनीबाईंनी ठिपकेवालं. कापलेलं उरलं. विजयाने ते इतक्या घाईने पिशवीत घातलं की माती सांडली.

‘‘हे बरोबर नाही,’’ काका म्हणाले. ‘‘उन्हाळाभर पोरीने जपलं आणि तिच्याच वाट्याला आजारी रोप? विजया, हे माझं घे.’’ त्यांनी आपली कुंडी तिच्या हातात दिली.

‘‘नको, काका.’’

‘‘घे गं. मला आता काय बघायचंय? लाल एकही निघालं नाही. म्हणजे तो नर काही कामाचा नाही. हर्षल, तो उपटून खाली टाकून दे. उगाच जागा अडवतोय.’’

हर्षल बाह्या सरसावत उठला. नराच्या बुंध्याला त्याने हात घातला. गप्प राहिलं तर दोन्ही रोपं तिचीच होती.

‘‘थांब, हर्षल!’’ ती ओरडली. मग काकांकडे न बघता म्हणाली, ‘‘अळी नव्हती. मी कापले घट. कोणी हे रोप घेऊ नये म्हणून. नवा घट लाल होता, काका. पूर्ण लाल.’’

कमलिनीबाईंच्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं. हर्षलने बुंधा सोडला. आता काका रागावतील, बोलतील, घालवून देतील, असं विजयाला वाटलं. तसं झालं असतं तर तिला सोपं गेलं असतं. पण काका खुर्चीतून पुढे झुकले. त्यांचा चेहरा उजळला होता.

‘‘लाल? आणि काठ? काठावर पट्टे होते का?’’

‘‘माहीत नाही, काका.’’

‘‘असं कसं? आठव ना. बारीक होते की रुंद?’’

विजयाने पिशवीतली कुंडी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. पुढचा घट धरायला दिवाळी उलटून जाणार होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

‘‘झाकण उघडलंच नव्हतं,’’ ती म्हणाली. ‘‘उघडायच्या आधीच कापला मी.’’