नेफ्यातली गोळी

मी एक जुना सुई-चिमटा आहे. शस्त्रक्रियेत टाके घालताना डॉक्टर वाकडी सुई माझ्या तोंडात धरतात. मित्रांनो, माझी हकिगत ऐकताना काही जण तोंड लपवतील. खुशाल लपवा. मी लाजणार नाही, कारण मी लाजिरवाणं काही केलेलं नाही.

सियालकोटच्या एका गल्लीत कारागिरांनी मला घासून घडवलं. माझे भाऊबंद विलायतेला गेले. मी कोहाटच्या एका इस्पितळात डॉक्टर फज्लेवाहिद यांच्या हाती आलो. तिथल्या पठाण मंडळींना एक खोड आहे. भरलेलं पिस्तूल ते सलवारीच्या नेफ्यात, नाडीपाशी खोचतात. मग पंगतीत मांडी घालून बसताना घोडा दबतो आणि गोळी नको तिथे घुसते. वैऱ्यांपेक्षा या नेफ्यांनीच मला जास्त कामाला लावलं.

एका दुपारी झरक नावाच्या तरुणाला त्याचा थोरला भाऊ मीरसलाम घेऊन आला. गोळी लागून चार तास झाले होते. कागदावर मीरसलामने 'मांडीला गोळी' असं लिहवलं होतं. डॉक्टरांनी सलवार सोडायला सांगताच तो आडवा आला.

"मांडीच आहे, डॉक्टर साहेब. टाके घाला, आम्ही निघतो. पुढच्या महिन्यात याचं लग्न आहे."

"मांडी? मग आत्ता तपासलेल्या लघवीत रक्त कुठून आलं?"

"हळू बोला. बाहेर गावची माणसं बसलीत."

"बसू देत. तुझी अब्रू जपत बसलो तर याला आयुष्यभर मूल व्हायचं नाही. बोल, काय वाचवू?"

तेव्हा खाटेवरून झरकच थोरल्या भावाला म्हणाला, "लाला, बाजूला हो. गोळी मला लागलीय, तुला नाही. डॉक्टर साहेब, माझ्याच नेफ्यातून सुटली. सगळं बघा."

एका वृषणाचा चुरा झाला होता, तो काढावाच लागला. दुसऱ्याचं पांढरं आवरण फाटून आतला गर बाहेर आला होता. मूत्रमार्गालाही चीर होती. ती डॉक्टरांनी नळी घालून शिवली.

"हाही काढायचा का?" मदतनीसाने विचारलं.

"कडेने रक्त येतंय ना? म्हणजे जिवंत आहे. शिवायचा."

डॉक्टरांनी मेलेला भाग तेवढा कातरला आणि बारीक सुई माझ्या तोंडात दिली. माझे दात तेव्हाच झिजले होते, सुई फिरायला बघायची. पण त्या दिवशी मी ती तसूभर हलू दिली नाही. आवरण मिटलं. मला इतका आनंद पुन्हा कधी झाला नाही.

पुढे सोनेरी मुठीचे चिमटे आले. आता माझ्याकडून बाटल्यांची झाकणं उचकटतात. म्हणोत मला भंगार!

झरकचं लग्न तीन महिने पुढे गेलं, पण झालं. डॉक्टर जेवून आले आणि हात धुताना हसत सांगू लागले. झरक दारातच सगळ्यांची पिस्तुलं काढून घेत होता.

"आता तू आम्हाला मर्दपणा शिकवणार?" त्याचा काका खवळला.

"मीही मर्दपणा नेफ्यातच खोचला होता, काका," झरक सगळ्यांदेखत म्हणाला. "म्हणूनच अर्धा उडाला."

काकाने नेफ्यातून पिस्तूल काढून दिलं.

मित्रांनो, कुठेही लागलं तरी त्या जागेचं नाव घ्या. लाजेने दडवलेली जखम कोणत्याच चिमट्याला शिवता येत नाही.