रुमाल घरून आना

करिश्माचा फोन आला तेव्हा मी एका गाढवावर चिडून बसलो होतो.

गाढव 'मवाबची वाट' या चित्रपटातलं. बायबलातल्या गोष्टीवर परदेशी कंपनीनं काढलेलं कार्टून, मराठी आवाज भरून आपल्याकडे लागलेलं. बलाम नावाचा एक द्रष्टा मवाब देशाच्या राजाच्या सांगण्यावरून लोकांना शाप द्यायला निघतो. वाटेत त्याचं गाढव अडतं, तो त्याला बदडतो आणि गाढव माणसासारखं बोलायला लागतं. मराठीत ते वऱ्हाडी बोलतं. बाकीचे सगळे, राजाचे शिपाईसुद्धा, पुस्तकी मराठीत. पुण्याच्या एका समीक्षकानं लिहिलं, 'वऱ्हाडी गाढवामुळे हसून हसून पुरेवाट झाली.' झालं, इकडे अमरावतीत आग लागली. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर एकच प्रश्न: आमची बोली गाढवाच्या तोंडी काहून? मलाही तो पटला होता. नाटकातला गडी वऱ्हाडी, मालिकेतला चोर वऱ्हाडी, आता जनावरांपर्यंत मजल गेली.

करिश्मा म्हणजे माझ्या अकोल्याच्या जुन्या मित्राची, शेखरची मुलगी. मुंबईत राहून बाहेरच्या चित्रपटांचे मराठी संवाद लिहिते.

"गजूकाका, तुमी पाह्यला का पिक्चर?"

"पाहायचा कशाला? कानावर आलं तेवढं पुरे आहे."

"ते गाढव म्हणजे बाबा आहेत काका."

शेखरच्या घशात गाठ निघाली होती आणि उन्हाळ्यात डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं होतं. जीव वाचला, आवाज गेला.

"ऑपरेशनच्या आंधी मीच बोलावलं होतं त्याईले मुंबईले," ती म्हणाली. "आता कंपनी म्हणते, लोकं नाराज आहेत, तं टीव्हीवर द्याच्या आंधी गाढवाचा आवाज दुसऱ्याकडून भरून घेऊ. बाबांचा आवाज दुसरीकडं कुठंच नाई काका. वऱ्हाडातल्या कोण्या जाणत्या माणसानं लिहिलं तं ते ऐकतील."

"मी पाहिल्याशिवाय लिहीत नाही, आणि आवडल्याशिवाय चांगलं लिहीत नाही. तुझ्या बापालाही ठाऊक आहे."

"म्हणूनच तं तुमाले फोन केला."

फोन ठेवला. तिचं खरं होतं. शेखरचा आवाज सगळ्या अकोल्यानं ऐकला, पण जपून कोणीच ठेवला नाही. टॉकीजमध्ये नवा पिक्चर लागला की ऑटोच्या टपावर भोंगा बांधायचा, दोन्ही बाजूंना पोस्टर लावायचे आणि हा पठ्ठ्या आत बसून माइकवर सुरू व्हायचा. कापूस बाजारापासून गल्लीबोळापर्यंत. "मायबाप हो, आजपासून रोज चार खेळ! बायाहो, रुमाल घरून आना, थेटरात भेटत नाई!" पिक्चर हाणामारीचा असो की भुताचा, रुमाल ठरलेला. बाया दारात येऊन हसायच्या आणि दुपारी खरंच रुमाल घेऊन निघायच्या. तेव्हा मी कॉलेजात होतो. त्याच्या ओळखीनं फुकट आत शिरायचो आणि बाहेर येताना पिक्चरची सालटी काढायचो. तो एवढंच म्हणायचा, "तुले काईच आवडत नाई लेका." पुढं मी अमरावतीला नोकरीला गेलो, तिथल्या पेपरात दर शुक्रवारी परीक्षण लिहू लागलो, आणि शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन न चुकता यायचा. रकाना बंद झाला तरी फोन चालूच, वाक्य तेच. त्या वाक्याची मला इतकी सवय झाली होती की ते ऐकल्याशिवाय शुक्रवार संपल्यासारखा वाटत नसे. या उन्हाळ्यापासून माझे शुक्रवार संपायचे थांबलेत.

बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोल्याला उतरलो. शेखर दारातच उभा होता. वाळला होता, गळ्याभोवती पांढरा पंचा. मी उगाच मोठ्यानं बोलत राहिलो, जणू त्याला ऐकूही येत नव्हतं. त्यानं मोबाइल काढला, बोटानं टाइप केलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. 'बहिरा नाई झालो. अन् वशिला नोको. खरं लेह्य.'

दुपारच्या खेळाला गेलो. त्याचा शर्ट इस्त्रीचा होता. थेटरात निम्म्या खुर्च्या भरलेल्या, बहुतेक पोरंबाळं आणि त्यांना घेऊन आलेल्या बाया.

पिक्चर रद्दी होता. मित्र शेजारी बसला म्हणून खोटं कसं सांगू? डोंगर पुठ्ठ्याचे वाटत होते, बलामचं तोंड धुतलेल्या बादलीसारखं गुळगुळीत, आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी गाणं म्हणायला उभं राहायचं. मूळ गोष्टीत ती गाढवी आहे, यांनी गाढव करून टाकलं. मी मनातल्या मनात लिहायलाही लागलो होतो. गाढवापुढे वाचली गीता, त्यातलं काहीतरी सुचत होतं.

मग ती वाट आली. दोन्हीकडे दगडी भिंती, मधे उपसलेली तलवार घेऊन उभा देवदूत. एवढा मोठा द्रष्टा, पण त्याला काही दिसत नव्हतं. दिसत होतं फक्त गाढवाला. ते शेतात वळलं, मार खाल्ला. भिंतीला घासलं, मार खाल्ला. शेवटी खाली बसलं, पुन्हा मार. पोरं हसत होती. आणि गाढवानं मान वळवली.

"कावून मारून राहिला बाप्पा मले? तुह्या लहानपणापासून तुले पाठीवर घेऊन राहिलो. असा कधी अडलो होतो काय मी?"

हसू थांबलं. तोच आवाज होता, भोंग्यातून गल्लीत शिरणारा, जरासा फाटका, जरासा लाडीक. मी शेखरकडे पाहिलं. तो पडद्याकडे पाहत होता आणि त्याचे ओठ हलत होते.

मागच्या रांगेतून एक म्हातारी बाई शेजारणीला म्हणाली, "अवं बाई, हा तं आपला रुमालवाला भाऊ आहे."

"कोनता वं?"

"भोंगेवाला नाई का? रुमाल घरून आना म्हणे तो. कुठी होता इतके दिवस?"

दोन-तीन खुर्च्यांपर्यंत ती कुजबूज गेली. "हाव वं, तोच." शेखरनं मागं वळून पाहिलं नाही. पंचा जरा वर ओढला आणि माझा हात घट्ट धरला. आणि मी, ज्यानं उभ्या आयुष्यात थेटरात डोळे ओले केले नाहीत, पोरासारखा रडलो. खिशात काही नव्हतं. शेखरनं न बघता आपला रुमाल काढून माझ्या मांडीवर टाकला.

परत येऊन लिहिलं. आता माझा रकाना नाही, पण जुन्या पेपरानं छापलं. पाचपैकी दोन तारे. डोंगरांचं, बादलीचं, गाण्यांचं, गाढवीचं गाढव केल्याचं, काही सोडलं नाही. मग लिहिलं की आपली बोली गाढवाच्या तोंडी आली म्हणून रागावलेल्यांनी आधी पिक्चर पाहावा. शहाण्याला दिसलं नाही ते ज्याला दिसलं, मार खाऊनही ज्यानं मालकाचा जीव वाचवला, त्या एकट्याला आपली बोली मिळाली आहे. आणि तो आवाज बदलायचा असेल तर अकोल्याच्या बायांना विचारून बदला, त्या त्याला ओळखतात. शेवटचं वाक्य उसनं घेतलं: प्रेक्षकांनी रुमाल घरून आणावा, थेटरात मिळत नाही.

ते मोबाइलवरून फिरत फिरत मुंबईला गेलं. करिश्माचा फोन आला. आवाज राहणार होता. बोलता बोलता ती रडली, म्हणून मी काहीतरी खोडसाळ बोलून फोन ठेवला.

तो शुक्रवारच होता. संध्याकाळी शेखरचा मेसेज आला.

'तुले आवडलं लेका. माहा रुमाल वापस कर.'

रुमाल धुऊन, घडी घालून कपाटात ठेवला आहे. तो मागतो दर शुक्रवारी. मी देत नाही.